खाडीपलीकडची भिंत

आमच्या सगळ्या खानदानात परदेशात घर घेतलेला मी एकटाच. परदेश म्हणजे खाडीच्या पलीकडं. आगरदांड्याला टेम्पो फेरीबोटीवर चढवायचा, चहा घ्यायचा, कप खाली ठेवेपर्यंत दिघी येते.

पण आम्ही उरणकडची माणसं. बाप, आजा मिठागरात राबले, तिथंच म्हातारे झाले. खाडी ओलांडून कुणी गेलंच तर लग्नाला, ते पण जेवून परत. म्हणून मी पलीकडं जुनं घर घेतलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, याला कुणीतरी फसवलं. तसं काही नव्हतं. फसायला मला दुसऱ्या माणसाची गरज कधीच लागलेली नाही.

घर घेतलं बायकोसाठी. आमच्या मिठागराच्या जागी आता कंटेनरचे यार्ड आहेत. दिवसभर ट्रेलर जातात, आणि धूळ अशी की सकाळी पुसलेल्या टीव्हीवर दुपारी बोटानं नाव लिहावं. मला तेवढंच लिहिता येतं, चौथीत मास्तरांची दया येऊन मी शाळा सोडली. तर त्या धुळीनं बायकोला दमा लागला. चार पायऱ्या चढली की पंप तोंडाला. डॉक्टर म्हणाले, हिला इथून हलवा, नाहीतर हे वाढत जाणार.

मी हलवायचं ठरवलं, पण माझ्या पद्धतीनं. घराला चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, आत वाळवी आणि एका खोलीत कोंबडी, तिचा मालक शेवटपर्यंत कळला नाही. अशा घरात बायकोला कशी नेणार? मी भाड्याचा टेम्पो चालवतो, त्यामुळं दिघीकडचं भाडं मिळालं की माल उतरवून दोन दिवस राहायचं, घराचं काम करायचं आणि परत यायचं, असं सुरू झालं. ती म्हणायची, मी पण येते. मी म्हणायचो, तयार होऊ दे, मग राणीसारखी नेतो. हे वाक्य मी तीन वर्षं म्हटलं.

शेजारी एक म्हातारी कोळीण. तिच्या घरचे बोटीवर, आणि ती दिवसभर अंगणात बोंबील वाळत घालायची. मी तिला मावशी म्हणायचो. तिची माझी ओळख माझ्या पायांपासून झाली. पहिल्याच खेपेला मी कौलं बदलायला वर चढलो आणि कमरेपर्यंत आत गेलो. धड आकाशात, पाय घरात. पाय हलताना बघून मावशी आत आली आणि तिनं खालून विचारलं, कुणाचा तू. मी वरून सांगितलं, घराचा मालक. तेव्हापासून तिनं मला मालक कधी म्हटलं नाही.

घरातली मातीची जमीन मात्र मला जमली. मिठागरात वाफ्याचा तळ पायानं तुडवून तुडवून दगडासारखा करतात, ते लहानपणापासून अंगात आहे. दोन दिवस मी खोलीभर नाचलो. मावशी दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, बायको कुठंय? एकलाच नाचतोस. मी म्हटलं, भिंत झाली की आणतो.

आता ती भिंत. आतल्या खोलीची, बायकोच्या पलंगाकडची. गिलाव्याला वाळू कमी पडली, म्हणून मी खाडीच्या कडेची दोन गोण्या भरून आणली. मावशी म्हणाली, "आरं बाला, ही खारी हाय. गोड्या पान्यानं धू, न्हायतर माणगावकडनं नदीची आन."

मिठाचं मला सांगते! आमच्याकडं पाणी किती खारं झालं ते जिभेवर बघायची रीत. बाप बोट बुडवून चाटायचा आणि मीठ कधी धरणार ते सांगायचा. मी पण वाळू जिभेवर ठेवली, डोळे मिटले, बापासारखा थोडा थांबलो आणि सांगितलं, गोड आहे. मावशीनं त्याच गोणीतली चिमूट तोंडात टाकली आणि लगेच थुंकली. मला वाटलं, बाईला चव नाही. पुढं कळलं की माझ्याच जिभेला मीठ कळत नाही. आमच्या घरचं कालवण पाहुण्यांच्या घशाखाली उतरत नाही आणि आम्ही त्यात वरून मीठ घेतो. बाप हुशार होता, तो आधी तोंड धुऊन मग चाटायचा. मी फक्त चाटायचं शिकलो.

पावसाळा संपल्यावर गेलो तर भिंतीला पांढरी फुलं आलेली. बोट लावलं की पीठ. बापाला ज्यासाठी उन्हात महिने घालवावे लागायचे ते मी सावलीत, उभ्या भिंतीवर पिकवलं होतं. आणि मी काय केलं? वरून पुट्टी मारून महाग रंग लावला. त्याला पापडासारखे फुगे आले. मग सगळं खरवडायचं ठरवलं. यात आणखी एक वर्ष गेलं.

त्या वर्षात बायकोला दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. दुसऱ्यांदा मी दिघीलाच होतो, हातात थापी. फोनवर आमची मुलगी बोलत होती आणि मागून बायकोचा श्वास ऐकू येत होता, शिट्टीसारखा. मी म्हटलं, तिला सांग, भिंत होतच आली. माणूस घाबरला की काहीही बोलतो असं मी नंतर स्वतःला समजावलं. पण मी घाबरून बोललो नव्हतो. मला खरंच वाटत होतं की तिला हेच ऐकायचं असेल.

पुढचं भाडं आलं त्या सकाळी मी टेम्पोजवळ गेलो तर ती आधीच पुढच्या सीटवर बसलेली. मांडीवर पिशवी, हातात पंप. मी भिंतीचं सांगायला लागलो. ती समोर बघत म्हणाली, गाडी काढा.

फेरीबोटीवर ती कठड्याला धरून उभी राहिली. मी चहा आणला, तो तिनं घेतला नाही, म्हणून मी दोन्ही प्यायलो.

घरात शिरल्यावर मी तिला सगळं दाखवलं: कौलं, जमीन, मोरी. ती हं हं करत होती. भिंत दाखवायला मात्र लाज वाटली, म्हणून म्हटलं, तू बस, तासाभरात हिचा निकाल लावतो, आणि खरवडायला लागलो. खोली धुरकट झाली. धुळीतून सोडवायला आणलेल्या बाईला मी घरची धूळ करून दिली. ती खोकायला लागली तरी मी म्हणत होतो, झालं, झालं, एवढा कोपरा.

मावशी कधी आली कळलं नाही. तिनं माझ्या हातातली खरवडायची पत्री काढून घेतली, बायकोला दंडाला धरलं आणि आपल्या अंगणात नेऊन बाजेवर बसवलं. वर बोंबील वाळत होते, वास तर असा की यार्डवाले पळून जातील. खाडीवरून वारा येत होता. बायको आधी वाकून बसली, मग हळूहळू सरळ झाली, मग आडवी झाली. आडवी होऊन झोपलेली मी तिला कित्येक महिन्यांत बघितली नव्हती. घरी ती उशीला टेकून, बसूनच रात्र काढायची. मी दारात बसून तिच्या छातीकडं बघत राहिलो. शिट्टी नव्हती.

हे अंगण पहिल्या दिवसापासून इथंच होतं. वारा पण होता. बाज मावशीनं केव्हाही दिली असती. मी तीन वर्षं कशाची वाट बघत होतो? बायकोनं घर बघून वा म्हणावं याची, दुसरं काय.

उन्हं उतरल्यावर बायको उठली. दोघी जावा असल्यासारख्या बोंबील गोळा करायला लागल्या. मी टेम्पो वळवून ठेवला आणि म्हटलं, चल, शेवटची बोट गाठू. भिंत झाली की मग कायमची आणतो.

बायकोनं मान वर केली नाही.

"मी कुठं जात न्हाय," ती म्हणाली. "तुम्हाला उद्याचं भाडं हाय, तुम्ही जावा. आनि पुढल्या खेपेला पाहुन्यासारखं आधी कळवून या."