ढिगामागे एक चिमूट

२००३ च्या मार्चमध्ये, हरभऱ्याची आवक भरात असताना, बाबूजींनी एका ढिगाचा हर्रास अर्ध्यावर थांबवला. भाव चढत होता. पुढचा आकडा पुकारण्यासाठी त्यांनी तोंड उघडले. ते हवे तेवढे उघडले नाही. त्यांनी उजव्या हाताची दोन बोटे उभी धरून दातांच्या मध्ये घालून पाहिली. एकच गेले. त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या कारकुनाला खूण केली आणि त्या दिवसाचा उरलेला हर्रास कारकुनाने पुकारला.

बाबूजी हे त्यांचे नाव नव्हते. आमच्या तालुक्याच्या धान्ययार्डात सगळे त्यांना तसे म्हणत. ते बाजार समितीचे नोकर होते आणि हर्रास पुकारणे, म्हणजे शेतमालाचा लिलाव करणे, हे त्यांचे काम होते. मी एका दैनिकाचा तालुका बातमीदार. रोजचे भाव जिल्ह्याच्या कार्यालयाला कळवायचे असल्यामुळे बारा-तेरा वर्षे माझी सकाळ त्यांच्या मागे चालण्यात गेली.

तुम्ही कधी अशा यार्डात उभे राहिला असाल तर ती चाल तुमच्या ओळखीची असेल. पुढे हर्रास पुकारणारा, त्याच्या मागे व्यापारी आणि अडते, आणि ढिगाशेजारी मालाचा मालक, चेहऱ्यावर काही दिसू न देण्याचा प्रयत्न करत. बाबूजी ढिगात हात खोल घालत, खालचा माल वर काढत आणि मूठ सर्वांसमोर उघडत. "बोला शेट, बोला. आतून पाहून बोला, मंग मले सांगू नका." व्यापारी रेंगाळला तर म्हणत, "काऊन जी, घरी विचारून येता का?" सगळे हसत आणि भाव पाच-दहा रुपयांनी सरके. आवाज मोठा नव्हता, पण प्रत्येक आकडा यार्डाच्या दुसऱ्या टोकाला स्वच्छ ऐकू जाई. शेतकऱ्यांचा त्यांच्यावर विश्वास होता. त्यांनी कोणाकडून कधी चहासुद्धा घेतला नाही, हे मी तपासून सांगतो आहे.

एक गोष्ट मात्र ते सर्वांकडून घेत.

त्याची सुरुवात आगीने झाली. यार्डाच्या मागच्या अंगाला कापसाच्या खरेदीची जागा होती. मी रुजू होण्याच्या आदल्या हंगामात तिथली एक गंजी पेटली. कोणी म्हणे बिडीची ठिणगी, कोणी म्हणे विजेची तार. कारण शेवटपर्यंत ठरले नाही. पण बाबूजी त्या वेळी बिडी ओढत असत आणि त्या दिवशी ते गंजीच्या जवळून गेले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी बिडीबंडल फाटकापाशी ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकले आणि पुन्हा उचलले नाही. हमाल, मापारी, गाडीवान, ज्याच्या खिशात काडेपेटी दिसे त्याला ते तिथेच थांबवत. "धूर आत नाई यायचा. बाकी काय खायचं ते खा."

बाकी जे खायचे ते फाटकाबाहेरच्या ठेल्यावर मिळत होते. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदावर ओला करून घोटायचा, की खर्रा तयार होतो. वर्षभरात यार्डात बिडी दिसेनाशी झाली आणि प्रत्येकाच्या खिशात खर्र्याची पुडी आली. बाबूजींच्याही.

१९९४ मध्ये मी चौकटीत एक बातमी दिली. मथळा होता 'यार्डातून बिडी हद्दपार'. तिच्यात बाबूजींचे दोन परिच्छेद कौतुक होते. बातमीतले प्रत्येक वाक्य खरे होते.

आपल्याकडे दोन माणसे भेटली की पुडी उघडते आणि समोर धरली जाते. त्यात देवघेव नसते; "या बसा" म्हणण्यासारखे ते आहे. बाबूजी ढिगापाशी पोचले की मालक पुडी पुढे करी. "घ्या जी बाबूजी." ते चिमूटभर घेत, गालात दाबत आणि मग पुकारायला लागत. एकाची घेतली आणि दुसऱ्याची नाकारली तर दुसऱ्याला वाटणार की मन कुठेतरी झुकले आहे. म्हणून ते कोणालाच नाकारत नसत. मी एकदा विचारले, "इतकं कशाला घेता?" ते म्हणाले, "माह्यासाठी थोडीच घेतो जी. ज्याचा ढीग, त्याचा मान. ढिगामागं एक चिमूट, न जास्त न कमी."

सोयाबीनच्या दिवसांत यार्डात शंभरावर ढीग लागत.

रविवारी यार्ड बंद असे. रविवारी त्यांना कोणाचा मान ठेवायचा नव्हता. तरी काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, सांगत की ते रविवारी उजाडताच सायकल काढतात आणि ठेलेवाल्याच्या घरी जाऊन त्याला उठवतात. काकू पुलगावच्या. गिरणीत काम करणाऱ्या वडिलांना तंबाखूच्या पायी खोकताना पाहिलेल्या. त्यांनी नवऱ्यासाठी पुडी कधी आणली नाही आणि घरात कधी ठेवू दिली नाही. "बाहीर काय करता ते करजा," त्या म्हणत, "उंबरठ्याच्या आत नाई."

पहिली खूण मला यार्डासमोरच्या हॉटेलात दिसली. तेव्हा ती खूण आहे हे कळले नाही. बाबूजींनी पोहे मागवले आणि वर हात धरला. "तर्री नको." आमच्या भागात पोह्यावर लाल तिखट तर्री न घेणारा माणूस एक तर आजारी असतो किंवा बाहेरगावचा. मालकाने तसेच विचारले, "काय बाबूजी, पुण्याले बदली झाली का?" ते हसले. तोंडात आग होते म्हणाले. पुढच्या वर्षी ते भाकर वरणात कुस्करून खाऊ लागले.

२००१ च्या अखेरीस मी त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होते, वऱ्हाडातलेच. त्यांनी तीन बोटे उभी करून तोंडात घालायला सांगितली. दोन गेली. मग म्हणाले, "पुडी दाखवा." बाबूजींनी काढून दिली आणि सवयीने म्हणाले, "घ्या जी."

डॉक्टरांनी ती टेबलावर उघडली. "ही सुपारी. हिनं गाल आतून कडक होतात, दोऱ्या वळल्यासारखे. तोंड ती बंद करते आहे. आणि हा तंबाखू. यातलं निकोटीन तुम्हाला ठेल्यावर परत पाठवतं. चुन्यामुळे ते गालातून रक्तात लवकर उतरतं आणि रक्तातून मेंदूत जातं. नाडी वाढते, रक्तदाब वाढतो, आणि माणसाला वाटतं आपण शांत झालो."

"वाटत नाई जी, होतोच शांत."

"आधी अशांत कोणी केलं? दोन तासांत रक्तातलं निकोटीन निम्म्यावर येतं. की चिडचिड सुरू, कामात लक्ष नाही. चिमूट टाकली की ते थांबतं. तुम्हाला वाटतं खर्र्यानं बरं केलं. त्यानं त्याचंच दुखणं घडीभर थांबवलं. आणि मेंदू सरावतो. काल जेवढ्यात भागलं तेवढ्यात आज भागत नाही."

बाबूजी पुडीकडे पाहत म्हणाले, "म्हणजे आग बी तोच लावते, अन् पाण्याची गाडी बी त्याचीच."

डॉक्टर हसले. मग हसू आवरून म्हणाले की कडक झालेला गाल पूर्ववत होईल असे ते सांगू शकत नाहीत. आज सोडले तर आहे तेवढे तोंड राहील. न सोडल्यास आधी आवाज जाईल, आणि पुढे गालात कर्करोग होऊ शकतो. बाबूजींनी फक्त आवाजाबद्दल पुन्हा विचारले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सोडले. तुरीचा हंगाम सुरू झाला होता. मालक पुडी पुढे करी, बाबूजी हात जोडत. "डॉक्टरनं मना केलं जी." गालात लवंग असे. पहिले तीन दिवस त्यांचे डोके दुखत होते. पोट साफ होत नव्हते, झोप लागत नव्हती. काकूंनी सांगितले की चौथ्या दिवशी सदऱ्याचे बटन निघाले म्हणून त्यांनी सदराच फाडला आणि मग खाटेवर बसून रडले. आठव्या दिवशी हर्रासात त्यांचा आकडा चुकला. असे मी आधी पाहिले नव्हते. अकरा दिवस मी रोज त्यांच्या मागे चाललो आणि अकरा दिवसांत त्यांनी एकही चिमूट घेतली नाही.

बाराव्या दिवशी तुरीचा भाव पडला. एका शेतकऱ्याचा ढीग शेजारच्या ढिगापेक्षा कमी भावात गेला. माल ओलसर होता, ते मुठीत सर्वांना दिसले होते. तो माणूस बाबूजींच्या समोर येऊन उभा राहिला.

"माहा खर्रा घेतला नाई तुमी. त्या बाजूच्याचा घेतला असन."

"कोनाचाच नाई घेत जी. अकरा दिवस झाले."

"मंग गालात काय हाये?"

"लवंग हाये."

"दाखवा."

बाबूजींनी तोंड उघडले. दोन बोटे मावतील एवढेच ते उघडले आणि आतले काही दिसेना. शेतकरी वाकून पाहत होता. "पाहा, उघडून नाई राह्यले," तो इतरांना म्हणाला. मागे कोणीतरी हसले. बाबूजींची नजर चहूकडे फिरून माझ्यापाशी थांबली.

"तुमी त रोज अठी असता. सांगा याले."

मला खरे काय ते माहीत होते. पाहिलेले होते, मोजलेले होते. पण बातमीदाराने यार्डातल्या वादात पडायचे नाही, आज एकाची बाजू घेतली तर उद्या दुसरा बोलणार नाही, अशी माझी शिस्त होती आणि मला तिचा अभिमान होता. मी म्हणालो, "मी मध्ये बोलत नाही, बाबूजी. तुमचं तुम्ही पाहा."

त्यांनी दुसऱ्यांदा विचारले नाही. शेतकऱ्याच्या हातातल्या पुडीतून चिमूट घेतली, गालात दाबली आणि म्हणाले, "झालं समाधान?" मग पुढच्या ढिगाच्या मालकाची घेतली. त्याच्या पुढच्याचीही. चौथ्या ढिगापाशी त्यांचा आवाज पूर्वीसारखा स्थिर झाला होता.

नंतर मी डॉक्टरांना हे सांगितले. ते म्हणाले, "बाराव्या नाही तर पंधराव्या दिवशी झालं असतं. सुटलेल्या माणसाला परत जायला कारण लागतं, आणि ते मिळतंच." ते बरोबर असतील. पंधरावा दिवस आला नाही, त्यामुळे मी खात्रीने सांगू शकत नाही.

२००३ मध्ये पुकारणे थांबल्यावर समितीने बाबूजींना फाटकावर बसवले. आत येणाऱ्या गाड्यांना ते हाताने जागा दाखवत. बोलत, पण शब्द दातांच्या मागेच राहत. समजायला जवळ जावे लागे. एका दुपारी मी त्यांच्याजवळ बाकावर बसलो. ते म्हणाले, "तुमच्या त्या बातमीत एक राह्यलं."

"कोणत्या?"

"बिडीच्या. बिडी सोडली हे लिहलं, ते बरोबर. मंग काय धरलं, ते नाई लिहलं."

मी म्हणालो, आता लिहितो. ते हसले. हसताना तोंड हलत नव्हते, डोळे तेवढे बारीक झाले. "आता कोन वाचन? अन् लिहाल त माह्या एकट्याचं नका लिहू. पन्नास जनाच्या बिड्या मी डब्यात टाकाले लावल्या. त्याईची पोरं बी आता खाऊन राह्यली."

मी ती बातमी दिली नाही. कार्यालयाने विचारले असते की यात आज नवे काय घडले.

२००५ च्या पावसाळ्यानंतर त्यांच्या डाव्या गालात जखम झाली आणि ती भरली नाही. शस्त्रक्रिया झाली, किरणे दिली. मी तीनदा भेटायला गेलो. तिसऱ्या वेळी त्यांच्या नाकात नळी होती आणि ते झोपले होते. काकू म्हणाल्या, बसा. मी दहा मिनिटे बसलो आणि बसच्या वेळेचे कारण सांगून निघालो.

पुढचे मी पाहिलेले नाही. तेरवीनंतर काकूंनी सांगितले, तेवढेच इथे देतो.

शेवटच्या आठवड्यात त्यांना तोंडाने पाणीही देता येत नव्हते. एका सकाळी त्यांनी डावा तळहात पसरला आणि त्यावर उजवा अंगठा घासायला लागले. काकूंना आधी वाटले हात खाजतो, म्हणून त्यांनी तेल लावले. ते घासतच राहिले. मग काकूंना कळले. त्या जिना उतरून दवाखान्याच्या फाटकाबाहेर गेल्या. तिथे ठेला होता.

"त्यानं विचारलं, काकू, कडक देऊ का साधा," त्या मला म्हणाल्या. "मले काय माहीत? इतक्या वर्षांत कधी पाह्यला नाई त्याईचा. म्हटलं, जो जास्त खपते तो दे."

वर येऊन त्यांनी पुडी उघडली आणि बाबूजींच्या नाकाशी, नळीच्या बाजूला धरली. बाबूजींनी वास घेतला. अंगठा थांबला. काकूंचा हात भरून येईपर्यंत त्यांनी पुडी तशीच धरून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. खाट रिकामी करताना नर्सला उशीखाली ती पुडी सापडली. तिच्यातली एकही चिमूट कमी झालेली नव्हती.