शेजारणीच्या दारातली पांढरी घोडी

माझ्या शेजारणीला मी माफ केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा ठेवायला नको.

विसरवाडीत हायवेच्या मागच्या गल्लीत आमची दोघींची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. दुपारची कामं आटोपली की मी ओट्यावर किंगरी घेऊन बसते. करवंटीवर ताणलेलं कातडं, बांबूची दांडी, तारा, आणि वाजवायला घोड्याच्या केसांचा गज. सुगी संपली की एक फिरता किंगरीवाला खांडबाऱ्याला माझ्या माहेरी मुक्कामाला यायचा. वडील त्याच्याकडून शिकले, मी वडिलांकडून. त्या जुन्या चाली आता आसपास कुणाला येत नाहीत. ट्रकच्या हॉर्नमधून मी त्या वाजवते आणि तेवढा वेळ वडील शेजारी बसल्यासारखे वाटतात.

शेजारणीला ते रडगाणं वाटायचं. मागे मी लेकीकडे गेले, तेव्हा तुळशीला पाणी घालायला हिच्याकडे किल्ली दिली. परत येऊन बघते तर गज चकाकतोय.

"ताई, केस कोरडा पडी ग्यात ना, म्हनीसन खोबरेल लाई दिनं," ती हसत म्हणाली. "आते किरकिर नही करनार."

गजाला तेल! अहो, केसांना राळ घासतात तेव्हा ते तार धरतात. तेल लागलं की गज नुसता घसरतो, आवाजच फुटत नाही. रिठ्याच्या पाण्याने धुतला, साबणाने धुतला. शेवटी केसच तुटून हातात आले. वडिलांच्या हातचा गज होता तो. मी ओट्यावर बसून रडले, आणि ती भिंतीपलीकडे निवांत शेवया करत होती. गल्ली म्हणते, बिचारीला काय कळतं. मला ते पटलेलं नाही. तिला आवाज बंद करायचा होता आणि तो तिने केला.

किंगरी खुंटीला लागली. टांगे कधीच गेले, घोड्याचे लांब केस आणायचे कुठून? रोज दुपारी गल्ली शांत असायची आणि माझा जळफळाट व्हायचा.

मग तिच्या मुलाचं लग्न निघालं. नवरदेवासाठी खास नंदुरबारहून पांढरी घोडी मागवली. त्या घोडीचं कौतुक तिने घरोघरी सांगितलं. घोडी आली, आणि आपल्या रांगोळीवर लीद नको म्हणून हिने ती माझ्या फाटकाला बांधायला लावली. मी लीद पाहिली, मग शेपटी पाहिली. जमिनीला टेकत होती.

घोडीला पाणी ठेवलं, भिजवलेली हरभऱ्याची डाळ घातली आणि घोडीवाल्याला सगळी हकिगत सांगितली. तो पोट धरून हसला. "लई ल्या ना, माय. शेपटीना केस परत येतस." तो आतला एक झुपका कापणार होता. मी म्हटलं, दादा, जरा सढळ हाताने. नवरदेव मारुतीला निघाला तेव्हा घोडी पुढून राजेशाही आणि मागून झिजलेली केरसुणी. सगळे डीजेपुढे नाचत होते. मागून बघायला व्हिडिओवाल्याशिवाय होतं कोण?

केस बांधले, राळ घासली. पहिला सूर निघाला. वडिलांची आवडती चाल मी वाजवतच राहिले. शेजारीण भिंतीवरून डोकावली. आता हिचं बिनसणार, म्हणून मी खुशीत होते.

"कशी गोड वाजी ऱ्हायनी आते!" ती म्हणाली. "मन्हा तेलना गुन शे हाऊ."

माझं डोकं फिरलं. गज चोरीला गेला असता तरी इतका राग आला नसता. मी किंगरी काखेत मारून सरळ तिच्या घरात गेले आणि टीव्हीसमोर बसले.

"भाभी, लग्नाचा व्हिडिओ लावा," म्हटलं. "आणि घोडी पाठमोरी दिसली की तिथे थांबवा."