उचगावचा नागेंद्र बर्फावर पळाला त्याची गोष्ट

उचगावात शर्यती बघितलेली माणसं लई हाईत. पण बर्फावरची शर्यत पळालेला गडी एकच, नागेंद्र. पंचक्रोशीत दुसरा कोण आसंल तर आणून हुबा करा, बघू.

नागेंद्र मिलिटरीत हुता. तिथं बर्फात ड्युटी लागली आणि त्यो स्की शिकला. स्की म्हंजे पायाला बांधायच्या लांब फळ्या. त्यावर हुबं ऱ्हायाचं आणि डोंगरावनं घसरत खाली यायचं. साहेब लोकांच्या शर्यती व्हायच्या, तवा उतारावर झेंडे रवायचं काम नागेंद्राचं. साहेब झेंड्यांमधनं नागमोडी खाली यायचे, कप घ्यायचे, फोटो काढायचे. नागेंद्र झेंडे उपटायचा. त्याच्या निम्म्यानं घसरता येत न्हाय अशास्नी पडलेल्या टाळ्या त्यानं लांबनं ऐकल्या. पुढं रिटायर झाला, पिरनवाडीच्या एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर झाला, तरी मनातली गोष्ट गेली न्हाय. एकदा तरी आपण पळायचं आणि निकालात आपलं नाव यायचं.

मागच्या थंडीत त्याला फोनवर दिसलं, मनालीच्या वर पस्तिशीच्या पुढच्या हौशी लोकांची स्कीची शर्यत हाय. त्यानं नाव घातलं. थोरला भाऊ जोतिबा म्हणाला, "मी येतोय."

"अण्णा, तिथं थंडी लई आसती."

"थंडी काय खाती मला? शर्यत हाय म्हणतोस आणि मी घरात बसू?"

बरोबरच हाय ते. रिकामी गाडी पळवायच्या शर्यतीत जोतिबाच्या बैलजोडीचं नाव पार निपाणीपतोर. शाळा सातवीपतोर झाली, पण बैलाच्या कानाकडं बघून गडी आज कसा पळणार ते सांगतो. शिकलेल्यानं सांगून दाखवावं.

जोतिबानं पिशवीत गुलाल भरला. नागेंद्राची बायको रूपाली म्हणाली, "भावजी, आधी पळू तर द्या."

"जिंकल्यावर मनालीत गुलाल हुडकत फिरू व्हय?"

उतारावर पोचले तर दिल्ली, गुडगाव, बंगळूरची मंडळी जमलेली. एकेकाचा चष्मा केवढा, तर आपल्याकडं वेल्डिंगवाला बी एवढा लावत न्हाय. कपडे आंगाला चिकटलेले, आणि पोटं काय ऐकंनात. सगळे एकमेकांस्नी न जिंकायची कारणं सांगत हुते. एकाचा गुडघा, एकाची कंबर, एकाला म्हणं विमानात झोप लागली न्हाय. उचगावात हरल्यावर कारणं सांगत्यात. हितं ॲडव्हान्स.

डाव दोन मिळणार, त्यातला चांगला धरणार. जोतिबानं उतार न्याहाळला.

"हे झेंडे कशाला रं?"

"हेच गेट, त्यातनं वळत जायाचं अण्णा. एक जरी चुकला तर बाद."

"वळलं की वेग मरतो. जोडी वळली की गेली. तू सरळ सोड."

"नियम हाय की."

"नियम हळू पळणाऱ्यास्नी आसत्यात. पहिला आल्यावर कोण इचारतंय?"

नागेंद्रानं जन्मात थोरल्याचा शबुद मोडला नव्हता. पहिल्या डावात त्यो सुटला त्यो नाकासमोर. झेंडे डाव्या-उजव्या अंगाला तसंच ऱ्हायले. बघणारी माणसं बाजूला सरली. घड्याळात बघितलं तर सगळ्यांच्या आधी, आणि थोडंथोडकं न्हाय. जोतिबा शेवटच्या झेंड्यापाशी तयारच हुता. निम्मा गुलाल भावावर उधळला, उरलेला बर्फावर सांडत खाली आला आणि शेवटची मूठ पंचाच्या टोपीवर टाकली.

पंच हिमाचलचा, शांत गडी. टोपी झटकत म्हणाला, "भाईसाब, इसने एक भी गेट नहीं लिया."

"गेट का क्या करने का है? पहिला कौन आया वो बोलो."

"ये रन रद्द है."

तेवढ्यात मागचा सुटला, गुडगावचा. तिथं शर्यतीची वाट दाखवायला बर्फावर रंगाच्या रेघा मारत्यात. गड्याला वाटलं, लाल रेघ आपल्यासाठीच हाय. रेघ धरून आला आणि कडंच्या जाळीत जाऊन बसला. भायेर काढला तवा त्यो भांडंल म्हणून पंच धास्तावला हुता. पण त्यो खूश. विमानातल्या झोपेपेक्षा चांगलं कारण मिळालं हुतं.

नागेंद्रानं भावाला कडंला घेतलं.

"अण्णा, आता एकच डाव हाय. चुकलो तर निकालात नावच न्हाय."

"नाव म्हंजे पयलं नाव. बाकीची भरताड."

"मला कितवं बी चालंल. आजवर झेंडे मी रवले, दुसरी त्यातनं गेली. मला एकदा जाऊ दे."

"सगळ्यांच्या पुढं आलेला माणूस तू. आता मुद्दाम हळू जाणार?"

"व्हय."

जोतिबा म्हणाला, "जा मग. मी बघणार न्हाय." आणि पाठ करून हुबा ऱ्हायला.

नागेंद्र वर गेला. सुटला. पहिला झेंडा घेतला, दुसरा घेतला. आधीच्यांनी घासून वळणावर बर्फाची काच केली हुती, फळ्या धरंनात. एकदा हात टेकला, सावरला. खांद्याला झेंड्याचा फटका बसला. निम्म्याच्या पुढं एका वळणावर जरा जोरात आला आणि झेंड्याच्या भायेरनं खाली निघून गेला. तिथंच फळ्या आडव्या घालून थांबला. आता सरळ खाली गेला तर बाद. माघारी चढून झेंडा घ्यायची मुभा हाय, पण फळ्या घालून चढायचं म्हंजे खेकड्यागत एकेक पाय. दिल्लीवाले हसाय लागले.

तेवढ्यात खालनं आवाज आला. "माघारी जा रं. त्यो झेंडा ऱ्हायलाय. चढ, चढ. हसणाऱ्यास्नी हसू दे, मी बघतो त्यांच्याकडं." पाठ करून हुबा ऱ्हायलेला माणूस आता जाळीवर पोट टेकवून निम्मा आत आला हुता.

नागेंद्र चढला. झेंडा घेतला. उरलेले सगळे घेतले आणि खाली येऊन बसकण मारली.

निकालात त्यो अकरावा. चौदांत. खालचे तिघं गुडघा, कंबर आणि गुलाल.

जोतिबानं भावाच्या फळ्या खांद्यावर घेतल्या. रोपवेच्या रांगेत पुढच्या माणसाला खांद्याला हात लावून फिरवला.

"ये मेरा भाई है. इतना झंडा था, एक भी छोडा नहीं. छुटा तो वापस चढके लिया. ऐसा तुम्हारे में किसने किया?"

त्यो माणूस म्हणाला, किसीने नहीं.

"अण्णा," नागेंद्र हळूच म्हणाला, "अकरावा आलोय, ते बी सांग की."

"इचारल्यावर सांगतो," जोतिबा म्हणाला, आणि त्याच्या पुढच्या माणसाच्या खांद्याला हात लावला.