‘येते’ म्हटलं की मोटर चालू

आमच्या मसोलीच्या घरात दिवे, पंखे, गीझर आणि टाकीची मोटर बोलण्यावर चालते. हॉलमध्ये शोकेसवर एक डबी आहे. तिला हाक मारायची आणि काम सांगायचं. ही हौस माझी. ऑफिसातून निघताना मी मोबाइलवर नुसतं ‘येतो’ म्हणायचो, बायको तिच्या शाळेतून ‘येते’ म्हणायची, की घरी मोटर आणि गीझर चालू. घराबाहेर पडताना डबीला ‘जातो’ किंवा ‘जाते’ म्हटलं की सगळं बंद. शब्द मीच निवडले होते आणि त्याचा मला कोण गर्व!

मग वरोरहून आई कायमची राहायला आली. बाबांच्या माघारी ती तिथे एकटीच होती. तिला आणायला मी दोन वर्षं मनधरणी करत होतो. आल्या आल्या मी तिला बजावलं, बाहेर पडताना डबीला सांगून निघायचं. दुसऱ्या दिवशी देवळात निघताना तिने डबीला हाक मारली आणि म्हणाली, ‘येते रे बाबा.’

डबीने मोटर लावली. टाकी भरून वाहिली आणि पाणी शेजारणीच्या अंगणात वाळत घातलेल्या मिरच्यांवर पडलं. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा शेजारीण भांडायला आली आणि मी तिच्यादेखत आईवर ओरडलो.

‘आई, जाते म्हण! जा-ते! दोन अक्षरं आहेत, लहान मूलही शिकेल!’

‘जाते कसं म्हणू रे? तुझा बाप चाळीस वर्षं दर्यावर गेला, एकदा नाय बोलला जातो म्हणून.’

‘त्या डबीला येते म्हणजे घरी येते एवढंच कळतं, त्याला मी काय करू?’

खरं तर पुष्कळ करता आलं असतं. शब्द बदलायला पाच मिनिटं पुरली असती. पण बदलायचं तर आईने, हा माझा हेका. मी स्वतः रोज सकाळी आईला ‘येतो गं’ म्हणायचो आणि पाठोपाठ डबीला ‘जातो’, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. इतका शिकलेला गाढव मी दुसरा पाहिला नाही.

नंतर एकदा तिला स्वयंपाकघरात भाकरी थापत पुटपुटताना ऐकलं. ‘जाते. जाते.’ पाठांतर चाललं होतं. मी हसलो. बायकोलाही बोलावून ऐकवलं. त्या हसण्याची आजही मला लाज वाटते.

महिन्याभराने ती आठ दिवसांसाठी तलासरीला ताईकडे निघाली. दारात पिशवी खाली ठेवली, डबीला हाक मारली आणि स्पष्ट म्हणाली, ‘जाते.’ पंखा थांबला, दिवे गेले. मी तिला शाबासकी दिली.

आठ दिवसांचे पाच महिने झाले. मी फोन केला की ‘बघू’ म्हणायची. शेवटी ताईनेच सांगितलं, ‘ती म्हणते, जाते म्हणून निघालेय त्या घरातून, आता परत राहायला कशी येऊ?’

त्याच संध्याकाळी मी शब्द बदलले. ‘येतो’, ‘येते’ म्हटलं की घर बंद. ‘आलो’, ‘आले’ म्हटलं की चालू. ‘जाते’ पुसून टाकलं. डबीची चूक सुधारली, आईची माफी मात्र मागितली नाही. फोनवर जीभ रेटली नाही. भेटली की सांगू, असं ठरवलं.

दिवाळीत ती ताईबरोबर आली, पण दुपारपुरतीच. पिशवीसुद्धा आणली नव्हती. करंज्या खाल्ल्या, चहा घेतला. मी तीनदा विषय काढायला तोंड उघडलं आणि तीनदा करंजीच पुढे केली. मग ती उठली. दारात थांबून तिने डबीला हाक मारली.

‘जाते,’ ती म्हणाली.

‘समजलं नाही. कृपया पुन्हा सांगा,’ डबी म्हणाली.

आईने घाबरून माझ्याकडे पाहिलं. आपलंच काही चुकलं, असं तिला वाटलं. मी काही बोलायच्या आत ती डबीच्या आणखी जवळ गेली आणि मी शिकवलं होतं तसं, एकेक अक्षर तोडून पुन्हा म्हणाली, ‘जा-ते.’