पेंढ्याचा डिंक आणि अण्णांची पटाशी

"पेंढ्यापासून डिंक," असं शर्वरीनं फोनवर सांगितलं आणि अण्णांना हसता हसता ठसका लागला.

अण्णा म्हणजे आमचे वडील. नाशकात उभा जन्म सुतारकामात गेला. हाडांचा सरस उकळण्यापासून ते डब्यातल्या पांढऱ्या डिंकापर्यंत सगळं वापरून झालंय. शर्वरी माझी धाकटी बहीण, केमिकल इंजिनिअर. चांगली नोकरी सोडून तिनं बोईसरच्या एमआयडीसीत एक शेड भाड्यानं घेतलीय आणि तिथं ती पेंढा शिजवते. सोमवारी एक प्लायवूड कारखानदार तिचा डिंक बघायला येणार होते. त्यांनी नाक मुरडलं तर शेड बंद करून तिला गुजरातेतली नोकरी धरावी लागणार होती, आणि ती तिला अजिबात नको होती.

"त्यांच्याआधी अण्णांनी जोड तोडून बघावा," ती म्हणाली. "सुटणार असेल तर घरच्यांसमोर सुटू दे."

अण्णांनी फोन ठेवला आणि पटाशीला धार लावायला बसले. मला ब्लॉगसाठी निमित्त हवंच होतं. शनिवारी पहाटे आम्ही निघालो.

नाशिकहून जाणार असाल तर त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर असा रस्ता घ्या. जानेवारीत हवा झकास असते. रस्ता बरा आहे, पण मोखाड्याची वळणं पोटाची परीक्षा घेतात, म्हणून मिसळ त्र्यंबकला न खाता जव्हारला खा. मी उलटं केलं आणि भोगलं. अण्णा मात्र खिडकीतून सागाची झाडं बघत खूष होते. कुठल्या झाडाचं कपाट होईल आणि कुठल्याचा नुसता पाट, हे ते मला न विचारता सांगत होते.

विक्रमगडच्या पुढे एका पाड्यावर थांबलो. शर्वरीला पेंढा देणाऱ्या सखूबाईंकडून दोन पोती घ्यायची होती. डोंगरउतारावर त्यांची थोडी भातशेती आहे. त्यांनी काळपट पडलेला पेंढा पोत्यात दाबून ठेवला होता.

"चांगला नाय देनार, तो गुरांचा हाय," त्यांनी आधीच बजावलं. "ह्यो कापनीच्या पावसात भिजला. गुरं तोंड नाय लावत. तुमची बाय याचा करते तरी काय?"

"डिंक," मी म्हणालो.

"मंग येताना लाडू आना!"

अण्णा मनोरपर्यंत हसत होते. हायवे ओलांडून बोईसरला पोचलो तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. स्टेशनजवळ पोटभर थाळी मिळते आणि राहायला साध्या लॉजही आहेत. आम्ही तिथल्याच सालवडला शर्वरीच्या दोन खोल्यांत उतरलो. आजूबाजूला सगळे कारखान्यांतले कामगार, गॅलरीत वाळत घातलेले निळे युनिफॉर्म, आणि खाली दोघं जण "आज सेकंड शिफ्ट है क्या?" असं एकमेकांना विचारत होते.

कोणाची शेड बघायला जाणार असाल तर बंद बूट आणि ओळखपत्र न्या. चपला घातल्या म्हणून मला दारातच शर्वरीचे जुने बूट घालावे लागले. आत स्टीलचं एक झाकणबंद भांडं, गाळणी, एक छोटी गरम प्रेस आणि गुऱ्हाळात येतो तसा वास. पेंढा कापून अल्कोहोल, पाणी आणि थोड्या आम्लात दाबाखाली शिजवायचा. मग गाळायचा. गाळणीवर पांढरट लगदा राहतो, त्यातून साखर किंवा कागद होतो. खालच्या काळ्या पाण्यात आणखी पाणी ओतलं की तपकिरी गाळ बसतो. तो लिग्निन.

"गवत ज्याच्या जोरावर ताठ उभं राहतं ना, ते हे," शर्वरी म्हणाली. उरलेल्या पाण्यातही एक साखर असते, तिच्यापासून दुसरी रसायनं काढता येतात. प्लायवूडच्या डिंकात खनिज तेलातून आलेलं फिनॉल लागतं. त्यातलं निम्मं काढून ती हे लिग्निन घालते. तयार डिंक काकवीसारखा काळा.

अण्णांनी बोटावर घेऊन चोळला. "रंग तर सरसाचा आहे," एवढंच बोलले. मग शर्वरी मदतनिसाबरोबर पेंढा कापण्यात गुंतली असताना त्यांनी लाकडाच्या दोन पट्ट्यांना तो लावला, दाबून दोरीनं आवळल्या, तासाभरानं चहाच्या पातेल्यात टाकल्या आणि जोड पाण्यात टिकतो का ते बघायला शेगडीवर उकळत ठेवल्या. पातेलं कामातून गेलं.

संध्याकाळी पट्ट्या बाहेर काढल्या. अण्णांनी पटाशी लावायच्या आधीच त्या अलगद सुटल्या. पाणी काळं झालं होतं.

शर्वरीचा चेहरा मला बघवेना. लहानपणी सायकलवरून पडली तरी रडायची नाही, ती पोरगी हातातल्या ओल्या पट्ट्या नुसती उलटसुलट करत होती. मग एकदम म्हणाली, "अण्णा, प्रेस किती वेळ केलं होतं?"

"प्रेस कशाला? दोरीनं आवळलं की. सरस असाच लावतात."

"अहो, हा सरस नाही! हा गरम प्रेसमध्येच पक्का होतो. तुम्ही कच्चाच उकळलात!"

अण्णांनी कान पकडले. आम्ही तिघंही इतके हसलो की शेजारच्या शेडमधला माणूस डोकावून गेला.

रविवारी सकाळी अण्णांनी डिंक लावला आणि शर्वरीनं पट्ट्या प्रेसमध्ये घातल्या. पक्क्या झाल्यावर त्या पातेल्यात उकळत ठेवल्या आणि मदतनिसाला लक्ष ठेवायला सांगून आम्ही सातपाटीला गेलो. नक्की जा. बंदरात होड्या, बांबूंवर वाळणारे बोंबील आणि वास असा की कपडे दोनदा धुवावे लागतात. मी नाकाला रुमाल लावला तशी एक मावशी म्हणाली, "नाक झाक, पन पिशवी उघड!" अर्धा किलो सुके बोंबील घेतलेच. शर्वरीचं मात्र लक्ष नव्हतं. तिचं बोलणं फिरून फिरून पातेल्यावर येत होतं.

दुपारी पट्टी बाहेर काढली. अण्णांनी पटाशी जोडात घातली आणि हातोडी मारली. एकदा. पुन्हा. तिसऱ्यांदा कडकन आवाज आला.

शर्वरीनं डोळे मिटले होते.

"बघ," अण्णा म्हणाले. लाकूड उभं फाटलं होतं. जोड होता तिथंच होता, त्याच्या दोन्ही अंगांना लाकडाचे तंतू चिकटलेले. शाबासकी वगैरे अण्णांच्या तोंडून निघत नाही. त्यांनी तुकडा पुसला, डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ बघत राहिले.

रात्री घरी पोचलो. गाडीला अजून बोंबलाचा वास आहे.

सोमवारी सकाळी शर्वरीचा फोन. "दादा, तो फाटलेला तुकडा तू नेलास का? दुपारी पार्टी येणार, मला तोच दाखवायचाय!"

मी अण्णांकडे पाहिलं. चहा पिता पिता त्यांनी सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला. शेजारच्या तिघांना तो तुकडा दाखवून झाला होता.

"माझ्याकडे आहे," ते फोनमध्ये म्हणाले. "तो मी देणार नाही. तुला येतो ना करता? दुसरा कर."

पलीकडे शर्वरी हसली.

संध्याकाळी तिचा मेसेज आला: कारखानदारांनी स्वतः तीन पट्ट्या तोडल्या, तिन्ही वेळा लाकूडच फाटलं, आणि चाचणीसाठी एक ड्रम मागितलाय. शेड राहतेय. मी तो मेसेज अण्णांना मोठ्यानं वाचून दाखवला. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "परत कधी जायचं? त्या सखूबाईंना लाडू द्यायचेत."