एका हाताची खवणी

अडतीस वर्षं शिवदास मेस्त्री साकीनाक्याच्या एका गाळ्यात लेथवर उभे राहिले. पंपांचे दांडे, वजनकाट्यांचे स्क्रू, कुठल्या कुठल्या यंत्रांच्या पिना, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं आणि त्या प्रत्येकावर नाव उमटलं ते दुसऱ्याच कुणाचं. "अंगठ्याचा ठसा आपलाच असतो की," ते म्हणायचे, "तेल पुसलं की जातो, एवढंच." निवृत्त होऊन भांडुपच्या घरी बसले तेव्हा गाळ्याच्या मालकाने त्यांना लेथवरचा एक जुना लहान चक आठवण म्हणून दिला. चक म्हणजे लोखंडाचे तीन जबडे. चावी फिरवली की तिन्ही एकदम आत सरकतात आणि मधली वस्तू अगदी बरोबर मध्यावर धरून ठेवतात. शिवदासनी तो टीव्हीशेजारी मांडला. त्यांची बायको जानकी त्यावर रोज फडकं मारायची आणि म्हणायची, "लोकांच्या शोकेसमध्ये बाहुल्या असतात. आमच्यात जबडो."

पुढे जानकीला लकवा मारला. जीव वाचला, जीभ वाचली. तिची जीभ वाचल्याचं सबंध मजल्याला कळायला दोन दिवससुद्धा लागले नाहीत. पाय हळूहळू जमिनीला टेकायला लागला, पण डावा हात मात्र शर्टाची बाही लोंबावी तसा लोंबत राहिला. उजवा धडधाकट होता. म्हणजे फिरवणारा हात राहिला आणि धरणारा गेला. धरणाऱ्या हाताची किंमत तो गेल्यावरच कळते. पीठ मळताना परातच फिरायला लागते, बाटलीचं झाकण उघडत नाही. आणि नारळ खवता येत नाही.

मालवणकडच्या बाईला नारळ खवता येत नाही म्हणजे काय, ते सांगायला नको. जानकीच्या माहेरी विळीला आडाळो म्हणतात आणि सात वर्षांची मुलगी त्याच्यावर बसायला शिकते. त्यांची लेक अपूर्वा बोरिवलीहून दर रविवारी यायची, ती खवलेल्या खोबऱ्याची थंडगार पाकिटं आणायला लागली. जानकी लेकीला काही बोलली नाही. फक्त आमटीत वाटप घालताना तोंड फिरवायची. मग शिवदास स्वतः विळीवर बसले.

"काळा पडला ओ," जानकी बाजूच्या स्टुलावरून म्हणाली. "खोबरा खवायचा, करवंटी नाय."

"मग तू खव."

बोलून गेले आणि त्यांना आपलीच लाज वाटली. जानकी उठली, चकावर फडकं मारायला लागली. एका हाताने पुसताना तो सरकत होता. शिवदास बघत राहिले. अडतीस वर्षं ज्याने प्रत्येक वस्तू धरून ठेवली, तो धरणारा हात घरातच पडून होता.

तीन महिने लागले. चक समोर ठेवून त्यांनी तसेच तीन जबडे नव्याने घडवले, नारळाच्या वाटीच्या मापाचे. जुन्या ओळखीने गाळ्यात दुपारचा एखादा तास मशीन मिळायची. पहिल्या दिवशी नारळाची वाटी जबड्यांतून सुटली आणि सरळ मालकाच्या चहात पडली. नारळ कधी गोल नसतो, तिथेच सगळी गोची होती. तेव्हा त्यांना धाकू आठवला, त्यांना लेथ शिकवणारा, कधीचाच गेलेला माणूस. "वाकडी वस्तू घट्ट आवळू नको रे," धाकू म्हणायचा, "जबड्याला मऊ काहीतरी लाव, ती आपणहून बसते." शिवदासनी सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावले आणि वाटी बसली. खवणीचे दाते त्यांनी गावच्या लोहाराच्या आडाळ्यावरून मोजून घेतले. ते दाते आत अडकायचे. खालच्या मजल्यावरचा रिक्षावाला राजेश म्हणाला, "काका, क्लचची स्प्रिंग टाका ना मागे, दाबून पण राहील आणि अडकलं तर मागे पण सरकेल." हँडल आईच्या शेवयांच्या यंत्राचं काढलं. आणि सगळं झाल्यावर जानकीने स्टुलावर बसून बघितलं आणि फर्मान काढलं, "चार बोटं खाली घ्या. मी काय ताडमाड बाई आहे?"

ज्या दिवशी तिने ओट्याला जखडलेल्या त्या यंत्रात वाटी ठेवली, एका हाताने चावी आवळली, त्याच हाताने हँडल फिरवलं आणि पांढराशुभ्र कीस ताटलीत पडायला लागला, त्या दिवशी तिने मधेच हँडल थांबवलं. तिने चिमूटभर खोबरं तोंडात टाकलं. दुसरी चिमूट त्यांच्या हातावर ठेवली. नारळ जरा जून होता. शिवदासना तो गोड लागला.

जानकीला व्यायाम शिकवणारी श्रुतिका दवाखान्यातून घरी यायची. तिने ते बघितलं आणि विचारलं, "काका, माझ्या अजून तीन पेशंटना पाहिजे. नकाशा द्याल?" शिवदासनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मापांसकट चित्र काढून दिलं. तिने झेरॉक्स काढल्या. झेरॉक्स कुठे कुठे गेल्या हे कुणी विचारलं नाही.

मग अपूर्वा कागद घेऊन आली.

तिच्या ऑफिसातल्या कुणाच्या ओळखीची एक कंपनी होती, स्वयंपाकघरातल्या वस्तू करणारी. त्यांना खवणी आवडली होती. ते रीतसर नोंदणी करणार होते, पुढे ती फक्त तेच बनवणार होते. त्यांनी नमुन्याचं खोकंसुद्धा पाठवलं होतं. वर ठळक अक्षरांत छापलं होतं: मेस्त्री खवणी.

"बाबा, तुझं नाव," अपूर्वा म्हणाली. "अख्खं आयुष्य दुसऱ्यांची नावं घासलीस. आता एक तरी वस्तू तुझ्या नावाची होऊ दे ना रे."

शिवदासनी खोकं टीव्हीशेजारी, चक बाजूला सरकवून त्याच्या जागी ठेवलं. येता-जाता बघायचे. एकदा तर बोटाने नावाच्या कडेचा ठिपका पुसून पाहिला, छापलेला आहे की धूळ. खोटं कशाला बोला, त्यांना ते नाव हवं होतं. सत्तरीला आलेल्या माणसाला आपलं नाव छापलेलं बघावंसं वाटणं यात वाईट काय आहे?

कागदात एकच ओळ भरायची होती. 'ही वस्तू संपूर्णपणे माझ्या एकट्याच्या कल्पनेतून साकारली असून, तिच्यातील खालील भाग माझे आहेत.' खाली रिकाम्या रेघा. शिवदास चष्मा लावून, लेथच्या शिस्तीने, एकेक भाग लिहायला बसले.

जबडे. ते चकाचे, म्हणजे ज्याने कुणी जगातला पहिला चक केला त्याचे. रबर धाकूचं. दाते गावच्या लोहाराचे, त्यानेही ते बापाकडून घेतलेले. स्प्रिंग राजेशची. हँडल आईचं. उंची जानकीची. पेन थांबलं. त्यांनी कागद उलटा करून बघितला, जणू त्यांचा स्वतःचा भाग मागच्या बाजूला असेल.

"काय झालं?" जानकीने विचारलं.

"माझं काय आहे ते सापडत नाय गे."

"मग लिहू नका आज. जेवा."

त्याच आठवड्यात श्रुतिका एका बाईला घेऊन आली. संघमित्रा तिचं नाव, देवनारला राहायची. कारखान्यात प्रेस मशीनखाली डाव्या हाताची बोटं गेली होती, आता घरून जेवणाचे डबे देते. मूळची परभणीकडची, पण गिऱ्हाइकं सगळी ओल्या खोबऱ्याची, रोजचे चार नारळ. पिशवीतून तिने खवणी काढून ओट्यावर ठेवली. तिच्या भावाने, ग्रिलचं काम करणाऱ्या सम्यकने, झेरॉक्सवरून केलेली.

शिवदासनी चष्मा सारखा केला. खवणी त्यांचीच होती आणि नव्हतीही. जबड्यांच्या मागे सम्यकने एक खिट्टी बसवली होती.

"हे कशाला?" त्यांचा आवाज जरा चढलाच. "माझ्या नकाशात नाही हे. मापं दिली होती ना मी?"

"दिली होती काका," संघमित्रा म्हणाली. "पण धुवायची कशी? पहिल्या नारळाचं दूध जबड्यात राहतं, चौथ्या नारळाला आंबूस वास मारतो. मी भावाला म्हटलं, तू खवून बघ आणि धुऊन बघ, मग सांग." तिने अंगठ्याने खिट्टी ओढली. तिन्ही जबडे अख्खेच्या अख्खे सुटून तिच्या तळव्यात आले. तिने ते नळाखाली धरले, परत बसवले. खट्. एका हाताने.

जानकी अगदी हळू म्हणाली, "रोज सकाळी हे टूथब्रश घेऊन बसतात. ते गावाक गेले की मी नारळच फोडत नाय. धुवचा कोणी, म्हणून."

शिवदासनी बायकोकडे बघितलं. "मला कधी सांगितलं नाहीस ते?"

"इतकं केलंत माझ्यासाठी. त्यात आणि खोड काढू?"

त्यांनी ती खिट्टी तीन वेळा ओढली, तीन वेळा बसवली. लेथवरच्या माणसाला लेथ धुवावा लागत नाही, म्हणून त्यांच्या डोक्यात ते आलंच नव्हतं. शंभर वर्षं दिली असती तरी आलं नसतं. "झकास," ते शेवटी म्हणाले. "भावाला विचार, मी माझ्यात लावू का हे."

संघमित्रा हसली. "तुमचीच तर आहे काका. कुणाला विचारायचं?"

रविवारी अपूर्वा आली, कागद अजून अर्धाच भरलेला. "त्यांचा फोन येतोय रे बाबा. फक्त सही राहिलीये."

"सही केली तर त्या देवनारच्या पोरीने बनवलेली खवणी चालेल का गं?"

अपूर्वा जरा घुटमळली. ती खोटं बोलणारी मुलगी नव्हती. "नाही चालणार. विकता-वाटता तर नाहीच येणार कुणाला. नकाशापण परत गोळा करा म्हणतायत."

"आणि माझ्या खवणीत तिची खिट्टी?"

"बाबा, तू ना—"

"लिहिलंय बघ इथे, माझ्या एकट्याच्या. एवढं धडधडीत खोटं या वयात कुठे लिहू? हे नियम असतील कुणाच्या भल्यासाठी, मला त्यातलं कळत नाही. पण धाकूने मला शिकवताना कागद मागितला असता, तर मी अजून गाळ्यात झाडूच मारत असतो."

अपूर्वाने खोक्याकडे बघितलं. "आणि तुझं नाव?"

शिवदासनी खोकं उचललं, एकदा नीट वाचलं आणि लेकीच्या हातात दिलं. "वाईट वाटतंय थोडं," ते म्हणाले. "असू दे."

दुपारी त्यांनी नवा नकाशा काढला, खिट्टीसकट. खाली कोपऱ्यात लहान अक्षरांत लिहिलं: रबर, धाकू. दाते, गावचे लोहार. स्प्रिंग, राजेश, रिक्षा. हँडल, आई. उंची, जानकी. खिट्टी, संघमित्रा आणि सम्यक, देवनार. त्याखाली दोन रेघा मोकळ्या सोडल्या, पुढे कुणी काही सुधारलं तर त्यासाठी.

जानकीने कागद जवळ ओढला. वरून खाली वाचला, पुन्हा वाचला. मग कागद सरकू नये म्हणून त्याच्या कडेवर तो जुना चक ठेवला आणि उजव्या हाताने, यादीच्या मधोमध, हँडल आणि उंचीच्या फटीत, दाटीवाटीने लिहिलं: नारळ धरायचं सुचलं, शिवदास.

"रेघ वाकडी गेली," ते म्हणाले.

"झेरॉक्सवाल्याक चालता," ती म्हणाली. "तुमी नारळ फोडा आता."