थाळीवर शिकवलेला ढावलो

हिंगोलीकडच्या गोरेगावच्या पलीकडं एका बंजारा तांड्यावर बेबीबाई राहते. लग्नाच्या गाण्यांसाठी आजूबाजूच्या तांड्यांवर तिचं नाव होतं. लग्न कुणाकडंही असो, बायका आधी विचारायच्या, "बेबी येऊन राहिली ना?" ती असली की बाकीच्यांना घोर नसायचा. कुणी शब्द विसरलं तर ती सगळ्यांना ओढून पुढं न्यायची.

मग तिच्या गळ्यात गाठ निघाली. नांदेडला ऑपरेशन झालं. गाठ साधी होती, हे कळल्यावर तिच्या नवऱ्यानं, किसनसिंगनं, दवाखान्याच्या दारातच पेढे वाटले. पण शुद्धीवर आल्यावर बेबीबाईनं पाणी मागितलं, तर तोंडातून नुसती हवा आली.

"आवाजाच्या नसेला धक्का बसलाय," डॉक्टर म्हणाले. "हळूहळू परत येईल. किती येईल, ते आता सांगता येत नाही."

घरी आल्यावर तिला शेळ्यांना हाक मारता येईना, शेजारणीशी धड भांडता येईना. हे ती कानाशी तोंड नेऊन हसत सांगायची. पण लग्नाला जाणं तिनं बंद केलं. कुणी बोलवायला आलं की डोकं दुखतंय असं दाखवून बसायची. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता. ग्लासातल्या पाण्यात नळी धरायची आणि 'ऊ' म्हणत बुडबुडे काढायचे. तो तिनं लवकरच सोडून दिला.

"लेकरावाणी हे काय करायचं?" ती कुजबुजली.

"तू करत न्हाई तर मी करतो," म्हणून किसनसिंगनं ग्लास उचलला आणि पहिल्याच फुंकरीत सगळं पाणी मिशांवर उडवून घेतलं. बेबीबाई हसली, पण नळीला तिनं हात लावला नाही.

पुढं त्यांच्या पोरीचं, संगिताचं, लग्न ठरलं. बंजाऱ्यांची नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून ढावलो म्हणते. ते रडणंच असतं, पण चालीतलं. ते पोरीला आईनं शिकवायचं. संगिता हिंगोलीला राहून नर्सिंग शिकलेली. तिला ढावलो ऐकून माहीत होता, म्हणता येत नव्हता.

"याडी, मला ढावलो शिकव," ती आईला म्हणाली.

बेबीबाईनं गळ्याकडं बोट केलं. "मौसीकडं जा."

"मौसीचा काहून? मला तुझा पाहिजे."

बेबीबाई उठून बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं फळीवरची काशाची थाळी खाली काढली, संगिताला समोर बसवलं आणि ढावल्याची पहिली ओळ कुजबुजत सांगितली. आवाज जिथं वर न्यायचा, तिथं ती थाळीच्या काठावर काडी मारून हात उंच न्यायची. जिथं थांबायचं, तिथं थाळीवर तळवा दाबून नाद बंद करायची. संगिता चुकली की काडी लागोपाठ वाजे.

"याडी, कान फुटतील!"

"पुन्हा म्हण," बेबीबाईचे ओठ हलत.

आईचं दार सुटल्याची ओळ संगिताला साधत नव्हती. तिथं पोचली की तिचा आवाज फाटायचा. बेबीबाईनं बऱ्याच खटपटी केल्या. शेवटी तिनं पोरीचा हात स्वतःच्या पोटावर ठेवला आणि श्वास कुठून भरायचा ते दाखवलं. संगितानं डोळे मिटून तसाच श्वास भरला. आवाज सरळ वर चढला, वर थांबला आणि सावकाश खाली आला.

किसनसिंग बाहेर कडबा तोडत होता. तो हातात विळा घेऊनच आत धावला. "बेबी! तू गायली का?"

बेबीबाईनं नाही म्हणून मान हलवली आणि पोरीकडं बोट दाखवलं. मग तिला रडू फुटलं. ऑपरेशननंतर ती पहिल्यांदाच मोकळी रडली.

लग्नात संगिता आईच्या गळ्यात पडून पूर्ण ढावलो म्हणाली. मधे हुंदक्यानं अडली, तेव्हा बेबीबाईनं तिच्या पाठीवर बोटांनी चाल धरली. ऐकणाऱ्या म्हाताऱ्या एकमेकींना म्हणाल्या, "बराबर बेबीचाच गळा."

त्यानंतर तांड्यावरच्या पोरी शिकायला येऊ लागल्या. त्यांच्या गलक्यात कुजबुज पुरेना, म्हणून बेबीबाईनं नळी आणि ग्लास पुन्हा काढला. आता ती चूल पेटवण्याआधीच बुडबुडे काढायची. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी तिला 'ई' म्हणायला लावलं, घशात दुर्बीण घातली आणि म्हणाले, "नस जागी झाली, स्वरपट्टी हलायला लागली, बाई."

आवाज परत आला, पण जाड आणि खालचा. उंच चढणाऱ्या ओळी आता ती पोरींवर सोपवते आणि स्वतः खालून धरते. गेल्या उन्हाळ्यात तिच्याकडं शिकलेल्या दिपाच्या लग्नाला तिला कुणी बोलवायला जायच्या आतच ती थाळी घेऊन मांडवात हजर होती. डीजेवाल्या पोराला तिनं सुनावलं, "बंद कर ते. आता आमी गाणार हाय."

पोरानं पहिल्याच सांगण्यात बंद केलं.